बांडुंगचे आशिया-आफ्रिका परिषद संग्रहालय: यजमान देशाची ओळख सांगणारी वास्तू

इंडोनेशियातील बांडुंग शहरात, जालान आशिया-आफ्रिका या रस्त्यावरील गेदुंग मेरदेका म्हणजे स्वातंत्र्य भवनात, आशिया-आफ्रिका परिषदेचे संग्रहालय आहे. एप्रिल १९५५ मध्ये त्या दोन खंडांतील २९ देशांचे प्रतिनिधी याच इमारतीत जमले होते, ती ही परिषद. तेथे प्रवेशशुल्क नाही आणि ते इंडोनेशियाचे परराष्ट्र मंत्रालय चालवते. या दोन गोष्टींपैकी दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. ऐतिहासिक संग्रहालये सहसा संस्कृती किंवा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत असतात. येथे मात्र इतर देशांशी बोलणी करणे हेच ज्याचे रोजचे काम आहे, त्या खात्याने आपल्या देशाची ओळख पाहुण्यांपुढे मांडली आहे. त्यामुळे या जागेचे परीक्षण करताना दोन प्रश्न विचारावे लागतात. १९५५ सालच्या एका आठवड्याची हकीकत येथे कितपत चांगली सांगितली आहे, हा पहिला. बळाच्या जोरावर जगाला आपले म्हणणे मान्य करायला लावू न शकणारा देश जागतिक राजकारणात स्वतःचे स्थान कसे मिळवतो, हे येथून बाहेर पडताना किती समजते, हा दुसरा. पहिल्या कसोटीवर हे संग्रहालय उत्तम उतरते. दुसऱ्या कसोटीवर ते अर्धेच उत्तर देते, पण ते अर्धे उत्तरही इतके मोलाचे आहे की जकार्ताला जाणाऱ्या प्रत्येक जाणत्या प्रवाशाने एक दिवस काढून येथे यावे असे मी आग्रहाने सांगेन.

लोकसंख्येच्या दृष्टीने इंडोनेशिया जगात चौथा आहे, म्हणून त्याला मध्यम देश म्हणणे काहींना खटकेल. परंतु त्याच्याकडे अण्वस्त्रे नाहीत, सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार नाही आणि दूरवर सैन्य पाठवून घटनांची दिशा बदलण्याची ताकदही नाही. जगाच्या कारभारातील त्याचे वजन मध्यमच आहे आणि ते वाढवण्यासाठी त्याने जे मार्ग शोधले, त्यांतील पहिला आणि सर्वांत धाडसी मार्ग या इमारतीत आखला गेला.

तेथे पोहोचण्याचा प्रवासही या विषयाला धरूनच होतो. जकार्ता ते बांडुंग या मार्गावर ऑक्टोबर २०२३ पासून वूश ही अतिवेगवान रेल्वे धावते. या प्रकल्पासाठी जपान आणि चीन यांच्यात चुरस होती. २०१५ मध्ये इंडोनेशियाने चीनची निवड केली आणि चिनी कर्जातून व तंत्रज्ञानातून हा मार्ग उभा राहिला. मात्र त्याच जकार्तामधील मेट्रो जपानी कर्जातून बांधली गेली आणि २०१९ मध्ये सुरू झाली. एका मोठ्या देशाकडून एक काम, दुसऱ्याकडून दुसरे आणि कोणाचाही मिंधेपणा नको, ही या देशाची जुनी रीत आहे. पडालारांग स्थानकावर उतरून जोडगाडीने बांडुंगच्या जुन्या स्थानकात आले की तेथून संग्रहालय जवळच आहे.

इमारतीचा स्वतःचा इतिहास परिषदेइतकाच बोलका आहे. १८९५ मध्ये ती सोसिएटाइट कॉन्कॉर्डिया या नावाच्या क्लबसाठी उभी राहिली. मळेवाले, अधिकारी आणि श्रीमंत व्यापारी अशा युरोपीय मंडळींचा तो क्लब होता. स्थानिक माणसाला तेथे पाहुणा म्हणून स्थान नव्हते. १९२६ च्या सुमारास वोल्फ शूमाकर आणि व्हान गालेन लास्ट या वास्तुविशारदांनी तिला आजचे रूप दिले. परिषदेच्या काही दिवस आधी, ७ एप्रिल १९५५ रोजी, राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी तिचे नाव गेदुंग मेरदेका ठेवले आणि समोरच्या रस्त्यालाही आशिया-आफ्रिकेचे नाव दिले. ज्या इमारतीत जावा बेटाचा माणूस केवळ नोकर म्हणून शिरू शकत होता, तेथेच २९ देशांच्या प्रतिनिधींना मानाने बसवायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला राजकारणातील प्रतीकांची शक्ती पुरती ठाऊक होती. इटालियन संगमरवराच्या फरशांवरून चालताना हे मनात ठेवले, तर वास्तूच्या भपक्याला वेगळा अर्थ येतो.

मुख्य दालनात शिरताच समोर उद्‌घाटनाचा देखावा दिसतो. सुकार्नो भाषणाला उभे आहेत आणि मागे पाच यजमान देशांचे नेते बसले आहेत: इंडोनेशियाचे पंतप्रधान अली सास्त्रोअमिजोयो, भारताचे जवाहरलाल नेहरू, पाकिस्तानचे मोहम्मद अली, ब्रह्मदेशाचे ऊ नू आणि सिलोनचे सर जॉन कोटेलावला. पुतळे माणसाच्या उंचीचे आहेत. अशा देखाव्यांमध्ये बहुधा जाणवणारा बाहुल्यांचा भाव येथे फारसा नाही, कारण दालनाची एकूण मांडणी संयमी आहे. भिंतींवरील छायाचित्रे तुगू येथील इंडोनेशियन राजदूतांची बैठक, १९५४ मधील कोलंबो बैठक, त्याच वर्षाअखेरची बोगोर बैठक आणि शेवटी बांडुंग असा क्रम दाखवतात. एवढी मोठी परिषद एका भाषणाने घडत नाही, तिच्यामागे वर्षभराची चिकाटी असते, हे या क्रमामुळे चांगले कळते. कोलंबोमध्ये अली सास्त्रोअमिजोयो यांनी ही कल्पना मांडली तेव्हा इतरांचा, अगदी नेहरूंचाही, प्रतिसाद फारसा उत्साही नव्हता. त्यांना एकेकाला राजी करावे लागले.

त्या काळच्या पत्रकारांची टंकलेखन यंत्रे आणि कॅमेरे जपून ठेवले आहेत. सहभागी देशांच्या शिष्टमंडळांची माहिती, ग्रंथालय आणि दृक्‌श्राव्य कक्षही आहे. प्रत्यक्ष परिषद जेथे भरली ते सभागृह मात्र या सर्वांचे हृदय आहे. तेथे देशोदेशींचे ध्वज ओळीने उभे आहेत आणि शांततेची मोठी घंटा आहे. ध्वजांकडे पाहताना एक गोष्ट आठवावी. सुदान तेव्हा पूर्ण स्वतंत्र झाला नव्हता आणि त्याला स्वतःचा ध्वज नव्हता, म्हणून पांढऱ्या कापडावर लाल अक्षरांत देशाचे नाव लिहून ते इतरांच्या बरोबरीने फडकवण्यात आले. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, हाही अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता, तरी त्यालाही जागा मिळाली. आफ्रिकेतून आलेले देश सहाच होते, कारण त्या खंडाचा बहुतेक भाग तेव्हा पारतंत्र्यात होता.

या संग्रहालयाचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे बांडुंगची दहा तत्त्वे, जी तेथे ‘दसासिला’ या नावाने ओळखली जातात. बहुतेक पाहुणे या यादीपुढे उभे राहून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. त्यांनी तेथे थांबून पाचवे आणि सहावे तत्त्व शेजारी शेजारी वाचावे असे मला कळकळीने वाटते. पाचवे तत्त्व सांगते की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार प्रत्येक राष्ट्राला एकट्याने किंवा सामूहिकरीत्या स्वसंरक्षण करण्याचा हक्क आहे. सहावे तत्त्व लगेच सांगते की सामूहिक संरक्षणाच्या व्यवस्था कोणत्याही महासत्तेच्या खास हितासाठी वापरल्या जाऊ नयेत. या दोन वाक्यांमागे त्या आठवड्याचे सगळे भांडण आहे. तुर्कस्तान, पाकिस्तान, इराक, फिलिपिन्स, थायलंड हे देश अमेरिका वा ब्रिटनबरोबरच्या लष्करी करारांत सामील होते आणि त्यांना आपला निर्णय दोषी ठरवून घ्यायचा नव्हता. नेहरूंचा अशा करारांना कडवा विरोध होता. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय साम्यवादी देशाचे प्रतिनिधी असूनही वाद न वाढवता समान मुद्दे शोधण्याची भाषा बोलत होते. कोटेलावला यांनी पूर्व युरोपवरील सोव्हिएत वर्चस्वालाही वसाहतवाद म्हणावे असा मुद्दा काढला, तेव्हा सभागृहाचे वातावरण चांगलेच तापले. एवढ्या मतभेदांनंतर सर्वांनी एकाच निवेदनावर एकमताने संमती दिली. ज्या देशाच्या घरात हे घडले, त्याला कोणाचेही मन मोडायचे नव्हते आणि कोणाच्याही मागे जायचे नव्हते. अध्यक्षपद अली सास्त्रोअमिजोयो यांच्याकडे आणि सचिवालयाची जबाबदारी रुसलान अब्दुलगनी यांच्याकडे होती. मसुद्यातील शब्द तासून तासून सर्वांना चालेल असा करणे, हे यजमानाचे काम त्यांनी केले. मध्यम देशाची परराष्ट्रनीती म्हणून मी याच गोष्टीकडे बोट दाखवीन: ज्यांना एकमेकांकडे जायचे नाही त्यांना आपल्याकडे बोलवायचे आणि त्यांना एकत्र सही करता येईल असे वाक्य शोधून द्यायचे.

हे धोरण बांडुंगमध्ये अचानक जन्मलेले नाही. २ सप्टेंबर १९४८ रोजी, डचांशी लढा चालू असताना, उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा यांनी केलेल्या भाषणात ते मांडले होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे गट म्हणजे दोन खडक, त्यांमधून नाव वल्हवत नेणे असे त्याचे वर्णन होते आणि पुढे त्याला ‘बेबास-आक्तिफ’, म्हणजे स्वतंत्र आणि सक्रिय, हे नाव पडले. सक्रिय या भागावर इंडोनेशियन लोकांचा भर असतो: दोन्ही गटांपासून दूर राहायचे, पण गप्प बसायचे नाही. भारताचा या घडणीत हात होता. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी इंडोनेशियाच्या प्रश्नावर दिल्लीत परिषद बोलावली होती, आणि १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे सुकार्नो होते.

यजमानपणातून इंडोनेशियाने स्वतःचेही हित साधले, आणि त्यात गैर काही नाही. परिषदेच्या काळातच चीनबरोबर दुहेरी नागरिकत्वाचा करार झाला, ज्यामुळे इंडोनेशियातील चिनी वंशाच्या लोकांची निष्ठा कोणाकडे हा नाजूक प्रश्न चर्चेच्या पातळीवर आला. डचांनी स्वतःकडे ठेवलेल्या पश्चिम इरियनवरील, म्हणजे न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागावरील, इंडोनेशियाच्या हक्काला अंतिम निवेदनात पाठिंबा मिळाला. ते निवेदन आर्थिक सहकार्याच्या प्रकरणाने सुरू होते, शांततेच्या तत्त्वांनी नव्हे; नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची खरी चिंता कोणती होती, हे त्या क्रमावरून दिसते.

मराठी वाचकाने येथे येण्यापूर्वी ‘काश्मीर प्रिन्सेस’ची हकीकत जाणून घ्यावी. तेव्हा मुंबईहून कारभार चालवणाऱ्या एअर इंडियाचे हे विमान ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून चिनी शिष्टमंडळातील काही सदस्य आणि पत्रकार यांना घेऊन जकार्ताकडे निघाले होते. हाँगकाँगच्या विमानतळावर त्यात ठेवलेल्या टाइमबॉम्बचा समुद्रावर असताना स्फोट झाला. लक्ष्य चाऊ एन-लाय होते, पण ते त्या विमानात नव्हते. १९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी जळते विमान पाण्यावर उतरवले आणि त्यातच त्यांचा अंत झाला; हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांनी अखेरपर्यंत प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे दिली. सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि अभियंता अनंत कर्णिक हे तिघेच वाचले. या कर्मचाऱ्यांचा अशोक चक्राने सन्मान झाला. बांडुंगच्या सभागृहातील प्रत्येक शब्दाची किंमत काहींनी आधीच मोजली होती, आणि त्यांत आपल्या ओळखीच्या आडनावांची माणसे होती, याचा विसर पडू नये. विमान कोसळले ते इंडोनेशियाच्या नातुना बेटांजवळ. त्या समुद्राचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

आता उरलेल्या अर्ध्या उत्तराविषयी. संग्रहालयाची मांडणी परिषदेभोवती फिरते आणि तसे असणे त्याच्या नावाला धरून आहे. पण परराष्ट्र खात्याच्या छताखाली हे दालन उभे असल्यामुळे, त्या तत्त्वांचे यजमानाच्याच घरी पुढे काय झाले, हा प्रश्न पाहुण्याच्या मनात येणारच. त्याचे उत्तर पाहुण्याने स्वतः सोबत आणावे लागते. याच इमारतीत १९५६ पासून निवडून आलेली घटना समिती बसली आणि जुलै १९५९ मध्ये सुकार्नो यांनी ती बरखास्त केली. १९६५ मध्ये साम्यवाद्यांविरुद्ध झालेल्या रक्तपातानंतर इमारत लष्कराच्या ताब्यात गेली आणि तिचा काही भाग राजकीय कैद्यांना ठेवण्यासाठी वापरला गेला. मलेशियाच्या निर्मितीला विरोध म्हणून १९६३ पासून संघर्ष पेटवला गेला आणि जानेवारी १९६५ मध्ये इंडोनेशिया संयुक्त राष्ट्रांतून बाहेर पडला. पुढच्या वर्षी तो परतला. पश्चिम इरियनमध्ये १९६९ साली जनतेच्या सार्वमताऐवजी हजाराच्या आसपास निवडक प्रतिनिधींकडून कौल घेण्यात आला. ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार त्या संघर्षकाळात किमान एक लाखाच्या आसपास माणसे मेली. ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात सुमारे ७८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याची निवड केली. दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीची अखंडता जपावी आणि वंश लहान-मोठे मानू नयेत असे भिंतीवर लिहिणाऱ्या देशाने हे केले, ही गोष्ट मला फार जड वाटते, आणि दालनात कितीही गौरवाचे वातावरण असले तरी ती विसरता येत नाही.

उलट बाजूने पाहिले, तर या देशाची काही अत्यंत चांगली कामेही परिषदेच्या झगमगाटात झाकली जातात. हे संग्रहालय उभारण्याची कल्पना परराष्ट्रमंत्री मोख्तार कुसुमातमाजा यांची. २४ एप्रिल १९८० रोजी, परिषदेच्या पंचविसाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी त्याचे उद्‌घाटन केले. हेच मोख्तार समुद्री कायद्याचे मोठे पंडित होते. डच काळातील नियमाप्रमाणे प्रत्येक बेटाभोवती तीन सागरी मैलांचाच समुद्र देशाचा मानला जाई, म्हणजे बेटांमधल्या पाण्यातून परकी युद्धनौका बिनदिक्कत जाऊ शकत. १३ डिसेंबर १९५७ च्या जुआंदा जाहीरनाम्याने इंडोनेशियाने सांगितले की बेटे आणि त्यांच्यामधले पाणी मिळून आमचा एकच देश होतो. मोठ्या नौदलांच्या देशांनी हे मान्य केले नाही. मग इंडोनेशियाच्या कायदेपंडितांनी पाव शतक परिषदांमागून परिषदांत हा मुद्दा लावून धरला आणि १९८२ च्या समुद्री कायद्याच्या करारात द्वीपसमूह राष्ट्र ही संकल्पना जगाने स्वीकारली. एक गोळी न झाडता एवढ्या प्रचंड सागरावरचा हक्क कायद्यात बसवून घेणे, हे माझ्या मते बांडुंगच्या भाषणांपेक्षाही मोठे यश आहे. कंबोडियाचे कामही त्याच जातीचे होते. जुलै १९८८ मध्ये तेथील परस्परांचे वैरी असलेले गट बोगोरमध्ये अनौपचारिक बैठकीसाठी एकत्र बसले, आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला झालेल्या शांतता कराराच्या परिषदेचे सहअध्यक्षपद फ्रान्सबरोबर इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री अली अलातास यांनी भूषवले.

आजच्या काळात ही परंपरा कोठे उभी आहे, याचे उत्तर एकसारखे नाही. जून २०२२ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो आधी कीव्हला आणि लगेच मॉस्कोला गेले, आणि त्याच वर्षी बालीमधील जी-२० परिषदेत, युक्रेन युद्धावरून फाटाफूट होईल अशी भीती असताना, संयुक्त जाहीरनामा निघाला. यजमान म्हणून इंडोनेशिया तेथे पुन्हा खरा उतरला. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर मात्र २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्तामध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या बैठकीत ठरलेल्या पाच मुद्द्यांना त्या लष्कराने जुमानले नाही, आणि शब्दांवर एकमत घडवण्याची पद्धत बंदुकीपुढे किती तोकडी पडते हे दिसले. २०२४ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या सदस्यत्वाची प्रक्रिया सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया ब्रिक्सचा सदस्य झाला. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवण्याची ही जुनीच चाल आहे. नातुनाच्या समुद्रात, दक्षिण चीन समुद्रावर हक्क सांगणारी चीनची नकाशावरील रेषा इंडोनेशियाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात शिरते. २०१७ मध्ये इंडोनेशियाने त्या भागाला उत्तर नातुना समुद्र असे नाव दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांच्या बीजिंग भेटीतील संयुक्त निवेदनात ‘परस्परांवर चढणारे दावे’ अशा अर्थाचे शब्द आले तेव्हा देशातील जाणकार अस्वस्थ झाले आणि चीनचा दावा आपल्याला मान्य नाही असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाला करावा लागला. ज्या खात्याने शब्द तोलण्याची कला या वास्तूत शिकवली, त्याच्याकडून अशी ढिलाई व्हायला नको होती.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दर्शनाच्या वेळा आणि वार बदलत असतात, सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून संकेतस्थळावर पाहून आणि शक्य असल्यास नोंदणी करूनच निघावे. गटाने जाणाऱ्यांनी मार्गदर्शकासाठी आधी विचारणा करावी, कारण छायाचित्रांमागचे संदर्भ त्याच्याशिवाय निसटतात. फलक इंडोनेशियनबरोबर इंग्रजीतही आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी दहा तत्त्वे आणि अंतिम निवेदन आधी वर्गात वाचून घ्यावे. बांडुंग परिषद म्हणजेच अलिप्त राष्ट्रांची चळवळ असा आपल्याकडे सर्रास गोंधळ होतो, तोही तेव्हाच दूर करावा; त्या चळवळीची स्थापना १९६१ मध्ये बेलग्रेडला झाली आणि बांडुंगला आलेले जपान, तुर्कस्तान, चीन यांसारखे देश तिचे सदस्य कधीच झाले नाहीत. संग्रहालय पाहून झाल्यावर त्याच रस्त्यावरील होमान आणि प्रिआंगर या हॉटेलांपर्यंत पायी जावे. शिष्टमंडळे तेथे उतरली होती आणि त्यांतील अनेक जण चालतच सभागृहाकडे येत असत. १९५५ च्या स्मरणार्थ २०१५ मध्येही विविध देशांचे नेते याच वाटेने चालले. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्धापनाचे कार्यक्रम असतात, शहर सजलेले असते आणि गर्दीही असते. ज्यांना सभागृहात निवांत बसून पाचवे आणि सहावे तत्त्व वाचायचे आहे, त्यांनी दुसरा महिना निवडावा.